बायोस पासवर्ड (लॅपटॉप)

लॅपटॉप सुरू केल्यावर विंडोज किंवा लिनक्स यायच्या आधीच जो पासवर्ड मागितला जातो, तो बायोस किंवा फर्मवेअर पासवर्ड. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणारा, यंत्रातच बसवलेला प्रोग्राम. तो हार्ड डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच्या, एका लहानशा चिपमध्ये असतो. म्हणून डिस्क फॉरमॅट केली, नवी बसवली, विंडोज पुन्हा टाकले, तरी तो जागचा हलत नाही. तो विसरला की यंत्राच्या दृष्टीने मालक आणि चोर यांच्यात काहीच फरक उरत नाही. सुटकेचे बहुतेक सगळे अधिकृत मार्ग मालकीच्या कागदापाशी येऊन थांबतात ते यामुळेच.

यात तीन पासवर्डांची गल्लत नेहमी होते. पॉवर-ऑन पासवर्ड यंत्र सुरूच होऊ देत नाही. सुपरवायझर पासवर्ड असला तर यंत्र नेहमीसारखे चालते, पण बायोसमधली सेटिंग्ज बदलता येत नाहीत. तिसरा हार्ड डिस्कचा पासवर्ड. तो डिस्कमध्येच साठवलेला असतो आणि डिस्कसोबत दुसऱ्या लॅपटॉपमध्येही जातो. आपल्यासमोर यांपैकी कोणता आहे हे ओळखल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

मदरबोर्डवरचा बटन सेल काढून ठेवा, पासवर्ड जाईल, हा सल्ला डेस्कटॉपच्या काळातला आहे. आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी/एटीपासून सेटिंग्ज सीमॉस मेमरीत राहत आणि ती मेमरी बॅटरीवर जगे. त्या पद्धतीच्या डेस्कटॉपमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल काढला किंवा ठरावीक जम्पर (बोर्डवरच्या दोन पिना जोडणारी टोपी) जोडला की सगळे पुसले जाई. लॅपटॉप सहज उचलून नेता येतो, म्हणून उत्पादकांनी पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या इइप्रॉम किंवा फ्लॅश चिपमध्ये हलवला. कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपचा सेल काढला तर बहुधा घड्याळ तेवढे मागे जाते.

काही उत्पादकांनी सुटकेची वाट बायोसमध्येच ठेवली होती. फिनिक्स या कंपनीचे बायोस असलेल्या अनेक जुन्या लॅपटॉपवर पासवर्ड तीनदा चुकला की पडद्यावर पाच अंकी संख्या येते. ती संख्या म्हणजे साठवलेल्या पासवर्डचा चेकसम, म्हणजे त्याच्या अक्षरांवरून गणिताने काढलेला आकडा, असतो. हा चेकसम फक्त १६ बिटांचा, म्हणजे शक्यता ६५,५३६. साहजिकच असंख्य वेगवेगळे शब्द एकाच संख्येला जुळतात, आणि तोच चेकसम देणारा कोणताही शब्द टाकला की बायोस उघडते. मूळ पासवर्ड आठवण्याची गरजच पडत नाही. ग्राहक सेवेसाठी केलेली ही सोय सुरक्षेच्या दृष्टीने फारच कच्ची होती. गणित बाहेर फुटल्यावर अशा यंत्रांचे कुलूप नावापुरतेच उरले. डेलच्या लॅपटॉपवर सात अक्षरी सर्व्हिस टॅग, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, आणि त्यापुढे चार अक्षरांचा प्रत्यय दिसतो. मालकी पटवून दिली की कंपनी त्यावरून सुटकेचा पासवर्ड देते.

लेनोवोचे थिंकपॅड लॅपटॉप याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. सुपरवायझर पासवर्ड विसरला तर तो काढून देण्याची सोय आपल्याकडे नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, खरेदीचा पुरावा लागेल आणि खर्च ग्राहकाचा, असे त्यांच्या माहितीपुस्तिका स्पष्ट सांगतात. नियम कठोर आहे, पण प्रामाणिक आहे. ॲपलच्या २०१० पर्यंतच्या बहुतेक मॅकमध्ये रॅमची एक पट्टी काढून पीरॅम (मूलभूत सेटिंग्ज ठेवणारी छोटी मेमरी) रिसेट केला की फर्मवेअर पासवर्ड जात असे. २०११ पासूनच्या इंटेल मॅकवर ते चालत नाही. मूळ बिल घेऊन ॲपलच्या दुकानात किंवा अधिकृत सेवा केंद्रात जावे लागते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात असे दुकान एप्रिल २०२३ पासून आहे. एम मालिकेच्या चिपवरील मॅकमध्ये फर्मवेअर पासवर्ड हा प्रकारच नाही.

चिप लेव्हल दुरुस्ती करणारे कारागीर आणखी एक वाट वापरतात. आठ पायांच्या बायोस चिपवर क्लिप लावायची, एका कोपऱ्यातला ठिपका पाहून पहिला पाय जुळवायचा, प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने चिपमधली फाइल वाचून घ्यायची आणि पासवर्डचा भाग कोरा करून ती परत लिहायची. वाचलेली मूळ फाइल जपून ठेवणे हा यातला पहिला नियम, कारण यंत्राचा सीरियल क्रमांकही बहुधा तिच्यातच असतो. चिप १.८ व्होल्टची असेल आणि प्रोग्रामर ३.३ व्होल्ट देत असेल तर ती जळू शकते. शिवाय कित्येक नव्या यंत्रांत पासवर्ड या चिपमध्ये नसून एम्बेडेड कंट्रोलर या बोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, आणि मग ही सारी मेहनत फुकट जाते.

घाबरलेल्या मालकाला आधी सांगायला हवे ते हे की बायोस पासवर्ड यंत्राला कुलूप लावतो, फायलींना लावत नाही. डिस्क सुटी निघणारी असेल, तिला स्वतःचा पासवर्ड नसेल आणि एन्क्रिप्शन (फायली सांकेतिक रूपात ठेवणे) नसेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फोटो, कागदपत्रे सगळे काढून घेता येते. विंडोजचे बिटलॉकर हे एन्क्रिप्शन चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मदरबोर्ड बदलल्यावरही ती मागितली जाते, कारण जुन्या बोर्डासोबत बिटलॉकरची किल्ली जपणारी टीपीएम चिपही गेलेली असते. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कार्यालयाच्या आयटी विभागाकडे असते. बोर्ड बदलण्याआधी ती हाताशी आहे ना, हे पाहून घ्यावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप विकायला येतात आणि त्यांतल्या काहींवर जुन्या कार्यालयाचा सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला असतो. विंडोज व्यवस्थित चालते, त्यामुळे घेताना ते कळत नाही. पैसे देण्याआधी यंत्र बंद करून सुरू करावे आणि एफ१, एफ२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बायोस उघडून पाहावे. सेटिंग्ज दिसतात पण बदलत नाहीत, असे झाले तर विक्रेत्याकडूनच पासवर्ड हटवून घ्यावा. सीरियल क्रमांक लिहिलेले बिल मागायलाही संकोच करू नये. चोरीचा संगणक आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्याला कारण असून तो अप्रामाणिकपणे घेतला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.