घराच्या अलार्मचा रिसीव्हर नेमकं काय ऐकतो?

मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांची गर्दी सुरू झाली की नागपुरात दोन गोष्टी हमखास होतात. वर्तमानपत्रांत बंद घरं फोडल्याच्या बातम्या येतात आणि बर्डीच्या दुकानांत वायरलेस अलार्मची चौकशी वाढते. चौकशीत एक शंका ठरलेली असते: शेजाऱ्यानंही हाच संच घेतला, तर त्याचं दार उघडल्यावर माझा सायरन वाजेल का? वाजणार नाही. का वाजणार नाही, हे फार सुंदर प्रकरण आहे.

दाराच्या चौकटीवर सेन्सर असतो आणि दारावर चुंबक. दार उघडलं की चुंबक दूर जातो, सेन्सरमधली रीड स्विच नावाची पात्यांची कळ स्थिती बदलते आणि छोटा ट्रान्समीटर जागा होतो. आपल्याकडचे बहुतेक स्वस्त संच ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, त्यामुळे दारावरची वायरलेस बेल, फाटकाचा रिमोट असे बरेच जण तिथे असतात. भिंतीपलीकडे बिनतारी लहरींनी घंटा वाजवण्याचा प्रयोग जगदीशचंद्र बसूंनी १८९५ मध्ये कोलकात्यात करून दाखवला होता. घंटा वाजवणं तेव्हाच जमलं होतं. आपलीच घंटा ओळखणं हे रिसीव्हरचं काम.

स्वस्त रिसीव्हरमध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये मांडलेली सुपररिजनरेटिव्ह रचना असते. सर्किट आपोआप दोलायला लागेल अशा अवस्थेत ठेवायचं, दोलन वाढलं की मुद्दाम विझवायचं, पुन्हा वाढू द्यायचं, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचं. त्याच वारंवारितेची लहर बाहेरून आली तर दोलन लवकर वाढतं. किती लवकर वाढलं, यावरून लहर आली की नाही ते कळतं. लहर नसली तरी दोलन सुरू होतंच, कारण उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची जी अस्ताव्यस्त हालचाल चालते, तीही त्याला पुरते. म्हणून असा रिसीव्हर कधीच गप्प नसतो. घरात सगळं शांत असताना त्याच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर शून्य आणि एकचा निरर्थक पाऊस चालू असतो. त्यातून रिसीव्हरच्या चिपला अर्थ शोधायचा असतो.

ईव्ही १५२७ ही या संचांच्या सेन्सरमध्ये सर्रास सापडणारी, संदेश पाठवणारी संकेत-चिप. ती आधी एक आखूड स्पंद पाठवते आणि मग त्याच्या ३१ पट लांब शांतता. इतकी लांब स्वच्छ शांतता गोंगाटात क्वचितच सापडते, म्हणून तिथून संदेश सुरू झाला असं समजायचं. पुढे २४ अंक येतात. स्पंद एक भाग आणि शांतता तीन भाग असेल तर शून्य. स्पंद तीन भाग आणि शांतता एक भाग असेल तर एक. एक भाग साधारण ३५० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे पूर्ण संदेश सुमारे ४५ मिलिसेकंदांत संपतो.

आता गंमत बघा. सेन्सरमधलं घड्याळ अगदी साधं असतं. तापमान आणि बॅटरीबरोबर ते मागेपुढे होतं. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मग संदेश बिघडत का नाही? कारण रिसीव्हर वेळ मोजत नाही, प्रमाण मोजतो. भजनाचा ठेका संथ धरला काय, द्रुत धरला काय, मात्रांचं आपसातलं नातं तेच राहतं, तसंच इथे. सुरुवातीच्या स्पंदावरून रिसीव्हर लय ठरवतो आणि पुढचं सगळं त्या लयीत वाचतो.

या २४ पैकी २० अंक कारखान्यात कोरलेला क्रमांक असतो. म्हणजे १०,४८,५७६ शक्यता. रिसीव्हरचं लर्न बटण दाबून एकदा दार उघडलं की तो क्रमांक त्याच्या स्मृतीत जातो. बाकीचे क्रमांक तो सोडून देतो. शिवाय बहुतेक रिसीव्हर तोच संदेश लागोपाठ दोनदा आला तरच मानतात. म्हणून शेजाऱ्याचं दार तुमच्या सायरनपर्यंत पोहोचत नाही.

तरीही अलार्म रात्री ‘आपोआप’ वाजला की अमावास्या आठवणारे आणि दाराला लिंबू-मिरची बांधणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. कारण बहुधा सेन्सरपाशी सापडतं: चुंबक आणि सेन्सरमधली फट वाढलेली असते, किंवा हालचाल टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरसमोर पडदा हलतो, खिडकीतून गरम झळ येते.

पीआयआरबद्दल नागपूरकरांनी एक गोष्ट नक्की लक्षात घ्यावी. तो माणसाला ओळखत नाही. माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक ओळखतो. त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. नवतप्यात कूलर बंद असलेल्या घराच्या भिंतीही तेवढ्याच तापू शकतात आणि सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. सुट्टीत बंद राहणाऱ्या घरासाठी दाराच्या चुंबकावर जास्त भरवसा ठेवावा.

रिसीव्हर बसवताना त्याची अँटेना सरळ ठेवा. ती १७.३ सेंटिमीटरची तार, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा भाग. नीटनेटकं दिसावं म्हणून गुंडाळली की पल्ला घटतो. पत्र्याच्या कूलरमागे किंवा कपाटावर रिसीव्हर ठेवू नका. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, विटांच्या भिंतींमधला नाही. आणि साध्या संचात बोलणं एकतर्फी असतं: सेन्सरची बॅटरी मेली तर रिसीव्हरला ते कळत नाही, म्हणून गावाला निघण्याआधी प्रत्येक दार उघडून बघा.

याहून मोठी उणीव म्हणजे क्रमांक कायम तोच राहतो. रिमोटचा संदेश हवेतून टिपून कोणीही पुन्हा वाजवू शकतं आणि अलार्म बंद करू शकतं. त्यावर उपाय आहे रोलिंग कोड: दर वेळी दोन्हीकडचा मोजक पुढे सरकतो, संदेश नवा होतो, जुना नाकारला जातो. रिमोटचं बटण खिशात चुकून दाबलं गेलं आणि एकट्या त्याचाच मोजक पुढे सरकला तर? त्यासाठी कीलॉक या रोलिंग कोडच्या पद्धतीत रिसीव्हर पुढच्या १६ संदेशांपर्यंत वाट मोकळी ठेवतो. दुकानात पल्ला विचारण्याआधी रिमोट रोलिंग कोडचा आहे का, ते विचारा.