सेक्स वर्कर्सची डिजिटल जनवकिली (भारत)

देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती मोबाइल, चित्रफिती, ऑनलाइन बैठका आणि समाजमाध्यमे वापरून स्वतःवरचा कलंक आणि स्वतःविषयी पसरणारी खोटी माहिती खोडून काढतात, त्या संघटित कामाला डिजिटल जनवकिली म्हणतात. भारतात हे काम बहुतेक संघटनेच्या नावाने चालते. त्यामागे भीती आहे आणि ती खरी आहे. एक फोटो फिरला की मुलांची शाळा, भाड्याची खोली आणि गावाकडची नाती, सगळ्यावरच पाणी पडू शकते.

या कामाचा पाया इंटरनेटच्या आधीचा आहे. 1992 मध्ये कोलकात्याच्या सोनागाछी या रेड लाइट वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून 1995 मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती ही सेक्स वर्कर्सची संघटना उभी राहिली. सांगलीत 1992 पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या सोबतीने 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, स्थापन झाली. वस्तीत कंडोम वाटणाऱ्या आणि दवाखान्यात सोबत जाणाऱ्या बायकाच पुढे पोलिसांशी आणि पत्रकारांशी बोलू लागल्या. आमच्याबद्दल बोलायचे तर आमच्याशी बोला, ही त्यांची मागणी तेव्हापासूनची.

ही मागणी पडद्यावर दिसली ती 2012 मध्ये. त्या वर्षीची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद वॉशिंग्टनला होती आणि अमेरिकेच्या व्हिसा नियमांमुळे सेक्स वर्कर्सना तिथे प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून जुलैमध्ये कोलकात्यात पर्यायी महोत्सव भरवला गेला आणि दृक्‌श्राव्य जोडणीने तो वॉशिंग्टनच्या परिषदेशी जोडला गेला. ज्यांना दारातच अडवले होते त्यांचे म्हणणे अशा रीतीने सभागृहात पोचले.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे या व्यवसायातली प्रत्येक बाई फसवून आणलेली असते. फसवणूक आणि मानवी तस्करी होते, अल्पवयीन मुलींना या धंद्यात ढकलले जाते. संघटना हे नाकारत नाहीत. प्रौढ बाईचे म्हणणे ऐकूनच न घेण्याला त्यांचा विरोध आहे. पुण्यातील अर्थशास्त्रज्ञ रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांच्या 2011 च्या सर्वेक्षणात देशभरातील 3000 स्त्रियांशी बोलणे झाले. त्यांतल्या अनेकींनी आधी घरकाम, शेतमजुरी किंवा बांधकामावरची मजुरी केली होती. महाराष्ट्रात छाप्यांत पकडलेल्या 243 स्त्रियांशी बोलून ‘संग्राम’ने 2018 मध्ये अहवाल काढला. त्यांपैकी 193 जणींनी आपण स्वेच्छेने हे काम करत होतो असे सांगितले. ‘सुटका’ या शब्दाने सजलेल्या बातम्यांना उत्तर देताना असे आकडे फार कामाचे ठरतात.

कोविडकाळात जुन्या कलंकाला नवी भाषा मिळाली. मे 2020 मध्ये परदेशी विद्यापीठांशी संबंधित संशोधकांच्या गणिती प्रारूपाच्या आधारे बातम्या आल्या: रेड लाइट वस्त्या बंद ठेवल्या तर साथ आटोक्यात राहील. संघटनांनी आणि अभ्यासकांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतले. टाळेबंदीत गिऱ्हाईकच नव्हते, बायका उपाशी होत्या, आणि अनेकजणी मुळात वस्तीत राहून काम करतच नाहीत. त्याच सुमारास ऑनलाइन पाठपुरावा आणि न्यायालयीन लढाई चालू होती. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ओळखपत्राचा आग्रह न धरता सेक्स वर्कर्सना कोरडा शिधा द्यायला सांगितले. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा 5000 रुपये आणि शाळेत जाणारी मुले असलेल्यांना आणखी 2500 रुपये जाहीर केले.

समाजमाध्यमे हे साधन असले तरी भरवशाचे नाही. अमेरिकेत 2018 मध्ये देहविक्रयाला वाव देणाऱ्या संकेतस्थळांना जबाबदार धरणारा फोस्टा-सेस्टा कायदा झाल्यावर संकेतस्थळांनी जबाबदारीच्या धास्तीने देहविक्रयाशी संबंधित मजकूर सरसकट काढायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या सेक्स वर्कर्सनी सांगितलेला तोटा दुहेरी होता: गिऱ्हाईक आधी पारखून घेण्याची सोय गेली आणि एकमेकींना धोक्याची सूचना देण्याच्या जागाही गेल्या.

छाप्याच्या वेळचे चित्र ओळखीचे आहे. बायका ओढणीने किंवा पदराने तोंड झाकून गाडीकडे चालतात आणि समोर कॅमेरे असतात. सेक्स वर्कर्सच्या हक्कांविषयी चाललेल्या बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणातील 19 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली. अटक, छापा किंवा सुटका यांच्या बातम्यांत ओळख उघड होऊ नये यासाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे काढावीत, असे त्यात म्हटले आहे. कंडोम बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, हेही त्यात आहे.

या आदेशाचीही चुकीची माहिती पसरली. ‘वेश्याव्यवसाय आता कायदेशीर’ अशा मथळ्यांनी मोबाइल भरून गेले. मुळात प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने देहविक्रय करणे भारतात आधीही गुन्हा नव्हता. 1956 चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे यांना शिक्षा देतो, आणि आजही देतो. या प्रकरणात न्यायालयानेच नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी सहाच न्यायालयाने अमलात आणायला सांगितल्या, कारण उरलेल्या चारांवर केंद्र सरकारचे आक्षेप होते. त्या चारांत स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईला छाप्यात अटक करू नये ही शिफारस होती, आणि सेक्स वर्कर्ससाठीचे निर्णय घेताना त्यांना सहभागी करून घ्यावे हीसुद्धा.