सोळा पीएसआयची वाट

ऑस्ट्रेलियातलं सिम्पसन वाळवंट आडवं ओलांडायचं तर वाळूच्या सुमारे ११०० टेकड्या चढाव्या-उतराव्या लागतात. शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या त्या एकमेकींना समांतर पसरल्या आहेत. १९६२ मध्ये भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांनी कुटुंबासह हे वाळवंट पहिल्यांदा मोटारीने पार केलं. गाडी फोर व्हील ड्राइव्ह हवीच. पण माझ्या मते त्याहून मोलाचं आहे ते टायरमधली हवा मोजायचं साधं मीटर.

सामानासह गाडीचं वजन ३००० किलो धरू, म्हणजे एका चाकावर ७५० किलो. टायरमध्ये ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो, तर हा भार पेलायला टायरचा साधारण ३०० चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकतो. हवा १६ वर आणली की तोच भाग दुपटीहून मोठा होतो. टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, वाळूवरचा दाब घटतो आणि चाक रुतत नाही. हवा न सोडता नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबणारे मात्र जागीच चाकं फिरवतात. चढावर खड्डे पडतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते भोवतात. याचा मला खरंच राग येतो.

पण सकाळचे सोळा दुपारी सोळा राहत नाहीत. टायरमधली हवा १० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापली, की मीटर १९ दाखवतं. इकडे वाळूही बदललेली असते. दमट वाळूत कणाकणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल असतात, ते कणांना धरून ठेवतात. कोकणच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय रुतत नाही, वर कोरड्या वाळूत रुततो, तो याचमुळे. पहाटे दव पडलेलं असेल, तर उन्हं चढल्यावर तेही उडून जातं. म्हणजे टायर कडक होतो नेमका वाळू सैल होते तेव्हाच. चढाआधी पुन्हा हवा मोजायची, ती म्हणून.

पाऊस आला की टेकड्यांमधल्या चिकणमातीच्या सपाट पट्ट्यांवर यातलं काहीच चालत नाही. मातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ते एकमेकांवरून घसरतात, चिखल टायरच्या खाचा भरून टाकतो. तिथे थांबायचं, चिखल सुकू द्यायचा.

आणि कधी आभाळ निरभ्र असूनही वाळवंटाच्या पूर्वेकडची आयर क्रीक ही नदी दुथडी भरून वाहते. उत्तरेला शेकडो किलोमीटरवर कित्येक दिवसांपूर्वी पडलेला पाऊस तेव्हा कुठे इथवर पोचलेला असतो, आणि गाड्यांना लांबचा वळसा घ्यावा लागतो.