लॉ कॉलेजचे सर आणि कोर्टातले वकीलसाहेब

वकील काय करतो हे नव्याने सांगायला नको: सनद (म्हणजे वकिलीचा परवाना), वकालतनामा (पक्षकाराने दिलेलं वकीलपत्र), तारखा. घोळ असतो तो कायद्याच्या प्राध्यापकाबद्दल. "लॉ कॉलेजात शिकवता ना, मग आमची केस घ्या की!" लग्नाच्या पंगतीत हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

शिक्षणातला फरक किरकोळ आहे. वकिलीला एलएलबी पुरते, शिकवायला एलएलएम ही पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट या पात्रता परीक्षांपैकी एक किंवा पीएचडी लागते. पुढे चला.

खरी मेख सनदेत आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की ती असेपर्यंत वकिली बंद, असं वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचा नियम ४९ सांगतो. एवढं ऐकलेले लोक ठासून सांगतात की प्राध्यापकाला कोर्टात उभंच राहता येत नाही. चूक. वकिलांना कायदा शिकवण्याची मुभा देणारे १९७९ चे वेगळे नियम आहेत. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंतच शिकवत असाल, तर ती नोकरी अर्धवेळच धरायची. नेमणूकपत्रात तिला काहीही म्हटलेलं असो, पगार कितीही असो. म्हणून हुद्दा विचारू नका, तास विचारा. सकाळच्या तुकडीला करार कायदा शिकवून अकराला कोर्ट गाठणारे सर वकीलच असतात. शेजारच्या खोलीत बसणारे पूर्णवेळ सर मात्र तुमचा साधा जामीन अर्जही चालवू शकत नाहीत, मग त्यांनी जामिनावर प्रबंध का लिहिलेला असेना. मुलं दोघांनाही 'सर'च म्हणतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

त्यात २०२२ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणले, म्हणजे आपल्या व्यवसायात मुरलेली माणसं शिकवायला: निदान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची अट नाही. नावात प्रोफेसर असलं तरी ही नेमणूक मुदतीची असते.

"कोर्टात जमलं नाही म्हणून शिकवतो" हे वाक्य तर मला अजिबात खपत नाही. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी. संमती आणि शरणागती यांतला फरक त्यांनी उलगडून दाखवला. पुढे आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या पत्राला वकालतनामा लागला नव्हता.

घटनेलाही हा फरक ठाऊक आहे. अनुच्छेद १२४ प्रमाणे 'विख्यात विधिवेत्ता', म्हणजे कायद्याचा नामवंत अभ्यासक, थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होऊ शकतो. उच्च न्यायालयासाठी मात्र दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद हवंच, नुसतं प्राध्यापक असून भागत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाचं ते दार उघडं असूनही आजवर त्यातून एकही जण आत गेलेला नाही.