थ्रीकॉम : मार्च २००० चा निर्णय आणि त्यामागचा इतिहास

संगणक केबलने एकमेकांना जोडण्याच्या इथरनेट या पद्धतीच्या जनकांपैकी एकाने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात थ्रीकॉम ही कंपनी काढली. १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी तिचं पहिलं नेटवर्क कार्ड (संगणकाला नेटवर्कशी जोडणारा भाग) आलं, किंमत ९५० डॉलर. १९८४ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. १९९० मध्ये मुख्याधिकारी निवडताना संचालक मंडळाने संस्थापकांना डावललं आणि ते बाहेर पडले. नव्वदीत मात्र नेटवर्क कार्ड म्हटलं की थ्रीकॉमच. ३सी५०९ च्या 'कॉम्बो' कार्डाला मागे तीन तऱ्हेची केबल लावायची सोय होती. ऑफिसातली केबल बदलली तरी कार्ड तेच चालायचं.

१९९७ मध्ये मॉडेमच्या धंद्यासाठी एक मोठी कंपनी विकत घेतली, त्यात पाम हा हातात मावणाऱ्या संगणकांचा व्यवसाय आयताच पदरात पडला. २ मार्च २००० रोजी पामचे जेमतेम पाच टक्के शेअर विकायला काढले, तर पहिल्याच दिवशी पामचं बाजारमूल्य थ्रीकॉमच्या वर गेलं. म्हणजे पाम वगळून उरलेली कंपनी बाजाराच्या लेखी उणे किमतीची! या गमतीवर भरपूर लिहिलं गेलं. खरा घाव त्याच महिन्यात पुढे बसला.

मोठ्या संस्थांना लागणारे राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारी यंत्रं) आणि कोअर स्विच (संस्थेच्या नेटवर्कच्या केंद्रस्थानी बसणारी यंत्रं) बनवणं कंपनीने बंद केलं आणि तिचे कोअरबिल्डर स्विच घेतलेल्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचा रस्ता दाखवला. समर्थनाचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते. वरच्या बाजारात एकाच प्रतिस्पर्ध्याचा दबदबा होता, आणि नेटवर्कची चिप मदरबोर्डवरच येऊ लागल्याने कार्डांची कमाई आटत चालली होती. तेव्हा छोटे व्यवसाय आणि घरगुती ग्राहक धरावेत, असा हिशेब. पण ज्याचा कोअर स्विच, त्याचेच बहुधा मजल्यामजल्यावरचे स्विच. शिवाय लाखोंची यंत्रणा बसवलेल्या विद्यापीठाला किंवा बँकेला एका घोषणेत वाऱ्यावर सोडणाऱ्या कंपनीकडून पुढची खरेदी कोण करणार? निर्णय चुकला याची कबुली कंपनीने शब्दांत नव्हे, कृतीतून दिली: २००३ मध्ये ती एका चिनी उत्पादकाशी भागीदारी करून त्याच बाजारात परतली.

या भागीदारीतून एचथ्रीसी उभी राहिली. तिचा उरलेला ४९ टक्के हिस्सा थ्रीकॉमने २००७ मध्ये ८८.२ कोटी डॉलरना घेतला, आणि उत्पन्नाचा मोठा भाग चीनमधून येऊ लागला. त्याच वर्षी एका गुंतवणूक संस्थेने चिनी भागीदाराला छोटा हिस्सा देऊन सगळी थ्रीकॉमच २२० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. पण थ्रीकॉमचा एक विभाग अमेरिकी संरक्षण खात्याला घुसखोरी रोखणारी उपकरणं पुरवत होता. परकीय गुंतवणूक तपासणाऱ्या सरकारी समितीशी बोलणी फिसकटली आणि २००८ मध्ये सौदा बारगळला.

शेवटी एका अमेरिकी संगणक कंपनीने २७० कोटी डॉलर मोजले; एप्रिल २०१० मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि थ्रीकॉम हे नाव मागे पडलं. २०१६ मध्ये एचथ्रीसीचा ५१ टक्के हिस्सा पुन्हा एका चिनी समूहाकडे गेला.