सोयरिकीतलं गुपित: मराठवाड्यातल्या रहस्यकथेची पार्श्वभूमी

जोडीदाराचा दडवलेला भूतकाळ हा रहस्यकथेचा फार जुना विषय. इंग्लंडात १८६०च्या दशकात अशा कादंबऱ्यांची लाटच आली. मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांच्या १८६२च्या 'लेडी ऑडलीज सीक्रेट'ची नायिका पहिला नवरा हयात असताना नाव बदलून दुसरं लग्न करते. तिथे १८५७च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयातून मिळू लागला होता, पण तो गोरगरिबांच्या आवाक्यातला नव्हता. मराठीत हा विषय राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' या चित्रपटाने (१९६४) गाजवला: जिच्यावर अंत्यसंस्कार झाले तीच बायको आरोपी म्हणून कोर्टात उभी राहते आणि वकील नवऱ्याला म्हणते, मीच तुमची पत्नी. दोन वर्षांत त्यावरून हिंदीत 'मेरा साया' आला.

मराठवाड्यात मात्र असं कथानक रचणं अवघड. मामाची मुलगी करण्याची चाल, पाहुण्यारावळ्यांकडून होणारी चौकशी, भावकीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असलेली नाती. यात कुणाचा भूतकाळ लपणार? पण या भूमीचा इतिहासच कथाकाराच्या मदतीला येतो.

१९४६मध्ये मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला पहिली पत्नी असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आली. निजामाच्या राज्यात तो कायदा नव्हता. बार्शी मुंबई प्रांतात, तर शेजारचं धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, निजामाकडे. बार्शीकराला जो गुन्हा, तो धाराशिवकराला मोकळा. रझाकारांच्या जुलमामुळे असंख्य कुटुंबं ही हद्द ओलांडून गेली, आणि १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाल्यावर परतली. त्या धामधुमीत कोण कुणाबरोबर गेलं आणि कोण एकटंच परत आलं, हे विचारायला सवड कुणाला होती? दोन्हीकडे एकच नियम आला तो १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने.

निजामकाळातली दफ्तरं उर्दूत. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधताना उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली, ते ताजंच आहे. एखाद्या आजोबांचं पहिलं लग्न अशाच कागदातून वर यावं, इतकी अस्सल कलाटणी मला तरी दुसरी सुचत नाही.

आजच्या काळात सोयरिकीची ती जुनी वीण सैल झाली आहे. बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ते थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती त्या जोडीवर. लग्नाआधीची फिटायची राहिलेली उचल हेही गुपितच की, आणि त्याचा भार नव्या नवरीच्या अंगावर येतो.

कायद्यातही कथेला खूप वाव आहे. हिंदू विवाह कायद्यातल्या १९७६च्या दुरुस्तीनंतर जोडीदाराबद्दलची महत्त्वाची बाब फसवून लपवली, तर विवाह रद्द करून मागता येतो. पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीने नांदलं तर ती वाट बंद होते. म्हणून उलटतपासणीतला कळीचा प्रश्न हाच असतो: हे तुम्हाला नेमकं कधी कळलं?