सर्पपालन

सर्पपालन : छंद म्हणून साप बाळगणे, त्यांची निगा राखणे आणि बंदिवासात त्यांची पैदास करणे. विष वा कातडे मिळवण्यासाठी केलेले सापांचे संगोपन, गारुड्यांचा व्यवसाय आणि प्राणिसंग्रहालयांतील साप यांचा विचार या नोंदीत ओघाने आला तरच केला आहे. सरपटणारे व उभयचर प्राणी पाळण्याच्या एकूण छंदाला ‘हर्पेटोकल्चर’ म्हणतात. ही संज्ञा साधारणपणे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली असावी. छंद म्हणून पाळले जाणारे साप बहुतांशी बिनविषारी असतात.

इतिहास : या छंदाचा उगम कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही लेखक तो थेट ग्रीक-रोमन काळापर्यंत मागे नेतात आणि त्यासाठी पुरावेही देतात. अलेक्झांडरची आई ऑलिंपियास माणसाळलेले साप बाळगत असे, असे प्लूटार्कने नोंदवले आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील लेखक लूशन मॅसिडोनियातील पेला येथील मोठ्या, निरुपद्रवी सापांविषयी लिहितो. ते घरात बायकामुलांमध्ये वावरत आणि अगदी किरकोळ किमतीला विकत मिळत, असे तो सांगतो. रोमन सम्राट टायबीरियस याच्याकडे एक साप होता व तो त्याला स्वतःच्या हाताने भरवीत असे. एके दिवशी तो साप मुंग्यांनी खाऊन टाकलेला आढळला आणि सम्राटाने त्यातून जमावापासून सावध राहण्याचा इशारा घेतला, अशी हकिकत स्यूटोनियसने दिली आहे. गळ्याभोवती थंडगार साप गुंडाळून घेणाऱ्या स्त्रीचा उल्लेख रोमन कवी मार्शल याच्या काव्यातही येतो.

हे साप नेमके कोणत्या जातीचे होते हे या लेखकांच्या वर्णनावरून ठरवता येत नाही. सामान्यतः ते एस्क्युलेपियन साप (झामेनिस लाँगिसिमस) असावेत असे मानतात, कारण वैद्यकाचा देव अस्क्लीपिअस याच्या मंदिरांत साप ठेवत आणि या जातीला नावही त्याच देवावरून मिळाले. यातून आणखी एक वाद उभा राहिला. ही जात मुख्यतः दक्षिण युरोपातली, पण जर्मनीतील श्लांगेनबाडसारख्या काही ठिकाणी, मुख्य प्रदेशापासून तुटलेल्या अवस्थेत, तिच्या छोट्या वसाहती आहेत. रोमन लोकांनी आरोग्यस्नानाच्या ठिकाणी नेलेल्या सापांचे हे वंशज, असे एक मत दीर्घकाळ प्रचलित होते. परंतु हिमयुगानंतरच्या उबदार कालखंडात ही जात आजच्यापेक्षा बरीच उत्तरेपर्यंत पसरली होती, असे जीवाश्मांवरून दिसते. त्यामुळे या वसाहती म्हणजे हवामान थंड झाल्यावर मागे उरलेले अवशेष होत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रोमन लोकांनी साप पाळले यात शंका नाही. मात्र ते साप नेऊन त्यांनी युरोपभर सापांच्या वसाहती वसवल्या, असे म्हणण्यास आधार तोकडा आहे.

साप बाळगणे आणि त्यांची पैदास करणे यांत मोठे अंतर आहे, हे या चर्चेत बहुधा नजरेआड होते. प्राचीन उल्लेखांतला साप हा रानातून आणलेला साप असावा. पिढीमागून पिढी बंदिवासात जन्मल्याचा उल्लेख त्यांत आढळत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र इमारत उघडली, तेव्हाही प्राणी येत ते मुख्यतः रानातून आणि मेले की त्यांच्या जागी दुसरे आणले जात. आजच्या अर्थाने सर्पपालन सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अंडी उबवण्याचे तंत्र आणि स्वस्त तापमान-नियंत्रक हाती आल्यावर. या नोंदीत तोच काळ छंदाचा खरा आरंभ मानला आहे.

प्रमुख जाती : सर्वांत अधिक पाळले जाणारे साप दोन, कॉर्न स्नेक (पँथेरोफिस गटॅटस) आणि बॉल पायथन (पायथन रेजियस). कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. मऊ स्वभावाचा, सडपातळ आणि नारिंगी-लाल ठिपक्यांचा. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे येत असल्याने हे नाव पडले असे काही मानतात. पोटावरील काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून, असे इतर म्हणतात. नाव सतराव्या शतकाइतके जुने असल्याने निर्णय देणे कठीण आहे. पहिले स्पष्टीकरण थोडे अधिक ग्राह्य वाटते. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ठेंगणा, जाडसर अजगर. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, त्यावरून हे नाव. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘रेजियस’ म्हणजे राजेशाही. क्लिओपात्रा तो मनगटावर कंकणासारखा गुंडाळून घेत असे ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला आधार नाही. याखेरीज बोआ कन्स्ट्रिक्टर, किंग स्नेक, मिल्क स्नेक, हॉगनोज आणि डुरक्या घोणशीच्या कुळातील काही जाती पाळल्या जातात.

निगा : साप अनियततापी (शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानानुसार बदलणारा) असल्यामुळे शरीराचे तापमान तो जागा बदलून राखतो. म्हणून पेटीत एकच तापमान न ठेवता एका टोकाला ऊब व दुसऱ्या टोकाला गारवा ठेवतात. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोक साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस व थंड टोक २४ च्या आसपास असते. बॉल पायथनला दोन्हीकडे थोडी जास्त ऊब लागते. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट नसेल तर पोटाखालून भाजलेला साप हा नवख्या पाळकाच्या घरी हमखास दिसणारा प्रकार होय, कारण अंगाखालची जागा तापत गेली तरी साप तेथून वेळेवर हलतोच असे नाही. दोन्ही टोकांना लपण्याची जागा हवी. एकच दिली, तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतली एकच गोष्ट निवडावी लागते.

पेटी किती मोठी असावी यावर पाळकांत तीव्र मतभेद आहेत. मोठ्या प्रमाणावर पैदास करणारे लोक रॅकमध्ये ठेवलेले प्लास्टिकचे खण वापरतात. अंधार व अरुंद जागा सापाला सुरक्षित वाटते आणि तो नियमित खातो, हा त्यांचा युक्तिवाद. याउलट, सापाला अंग पूर्ण सरळ करता आले पाहिजे असे अनेक पशुवैद्यक व वर्तनशास्त्रज्ञ म्हणतात, कारण मोकळी जागा मिळाली की साप ती वापरतात. नियमित खाणे हे स्वास्थ्याचे एक लक्षण आहे, एकमेव नव्हे. या दृष्टीने दुसऱ्या मताचे पारडे जड ठरते.

खाद्य म्हणून गोठवून मग पूर्ण वितळवलेले व कोमट केलेले उंदीर चिमट्याने देतात. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, हा ढोबळ नियम. जिवंत उंदीर सोडला आणि साप भुकेला नसला, तर उंदीरच सापाला कुरतडतो. बॉल पायथन कधी कधी महिनोन्‌महिने खात नाही आणि तरीही त्याचे वजन फारसे घटत नाही. पाळक हवालदिल होतो, साप होत नाही. जेवणानंतर निदान दोन दिवस त्याला हातात घेऊ नये, नाहीतर गिळलेले तो ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर दुधी होतात, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात निघते. मधल्या स्वच्छ दिवसांत साप तयार झाला असे समजून नवखे लोक त्याला हाताळू लागतात. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचे पारदर्शक कवच तसेच राहते. ते चिमट्याने उपटू नये.

पैदास : समशीतोष्ण प्रदेशातील जातींना, उदा. कॉर्न स्नेकला, मीलनापूर्वी दोन-तीन महिने थंड विश्रांती देतात. तापमान १० ते १३ अंशांपर्यंत उतरवतात आणि या काळात खाद्य देत नाहीत, कारण थंडीत पोटातले अन्न पचत नाही, कुजते. उष्ण प्रदेशातील अजगरांना केवळ रात्रीचे तापमान काही अंशांनी उतरलेले पुरते. मादी अंडी घालण्यापूर्वी एकदा कात टाकते. कॉर्न स्नेकमध्ये त्यानंतर दहा-बारा दिवसांनी व बॉल पायथनमध्ये सुमारे महिन्याने अंडी येतात. बॉल पायथन बहुधा चार ते आठ अंडी घालतो, कॉर्न स्नेक त्याहून बरीच अधिक. बोआ कन्स्ट्रिक्टर मात्र थेट पिले देते.

अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. ती अंड्यांना ऊब देते की नुसती राखण करते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात चांगलाच गाजला. लमार-पिको या प्रवाशाने अजगर अंडी उबवतो असे पॅरिसला कळवले तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १८४१ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातच एक मादी अंड्यांवर बसली आणि प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी तिच्या वेटोळ्यांतले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा जास्त असल्याचे मोजून दाखवले. तरीही ही ऊब कोठून येते हे स्पष्ट नव्हते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी ब्रह्मदेशी अजगराची मादी स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने उष्णता निर्माण करते हे सिद्ध केले. ही क्षमता सर्व अजगरांत नाही, बॉल पायथनमध्ये ती दिसत नाही. पाळक बहुधा अंडी काढून घेऊन ओलसर व्हर्मिक्युलाइटवर (ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिजावर) उबवणी-पेटीत ठेवतात. कॉर्न स्नेकची अंडी २७-२८ अंशांना सुमारे दोन महिन्यांत फुटतात. बॉल पायथनच्या अंड्यांना ३१-३२ अंश लागतात आणि अवधी जवळपास तेवढाच. पक्ष्यांच्या अंड्यांप्रमाणे ही अंडी फिरवायची नसतात, कारण सुरुवातीलाच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो. म्हणून काढताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. पिलू नाकावरील दाताने चामड्यासारख्या कवचाला चीर पाडते, डोके बाहेर काढते आणि तसेच दिवसभर, कधी दोन दिवसही बसून राहते. या वेळी उरलेला बलक ते शोषून घेत असते. त्याला ओढून बाहेर काढणे म्हणजे जीव घेणे.

आनुवंशिकी : या छंदाचे वैज्ञानिक महत्त्व याच भागात आहे. बर्नार्ड व एलिझाबेथ बेख्टेल या दांपत्याने १९६२ मध्ये कॉर्न स्नेकमधील विवर्णता (रंगद्रव्याचा अभाव) एका अप्रभावी, म्हणजे दोन प्रती असल्याशिवाय परिणाम न दिसणाऱ्या, जनुकामुळे येते हे प्रत्यक्ष संकरांतून दाखवले. काळा रंग नसलेला व लाल रंग नसलेला असे दोन साप एकत्र आणले, तर पहिली पिढी नेहमीच्या रंगाची निघते. त्याच पिढीतले नर-मादी पुन्हा एकत्र आणल्यास सरासरी सोळांत एक पिलू दोन्ही रंगांविना, पांढरे-गुलाबी निघते. पाळक त्याला ‘स्नो’ म्हणतात. अशा प्रत्येक वेगळ्या रूपाला ‘मॉर्फ’ आणि अप्रभावी जनुक लपवून असलेल्या सापाला ‘हेट’ म्हणण्याची रीत आहे. दोन हेट सापांच्या नेहमीसारख्या दिसणाऱ्या पिलांपैकी दोन-तृतीयांश पिले हेट असण्याचा संभव असतो, म्हणून अशा प्रत्येक पिलाला ‘६६ टक्के हेट’ म्हणतात. हा आकडा त्या पिलाविषयीची खात्री किती एवढेच सांगतो, त्याच्यात जनुक किती आहे हे नव्हे. पाळकांची दुसरी संज्ञा, ‘को-डॉमिनंट’ (सहप्रभावी), तर बहुतेकदा चुकीचीच असते. एक प्रत असताना सौम्य आणि दोन असताना तीव्र रूप दिसणे ही अपूर्ण प्रभाविता होय.

बॉल पायथनची विवर्ण पिले बंदिवासात प्रथम १९९२ मध्ये निघाली आणि मॉर्फची संख्या झपाट्याने वाढली. त्यांपैकी ‘बनाना’ या पिवळसर रूपाने एका जुन्या समजुतीला धक्का दिला. काही बनाना नरांची बनाना पिले जवळपास सर्व नर, तर काहींची जवळपास सर्व मादी निघत. पाळकांनी नोंदी जुळवल्या तेव्हा लक्षात आले की बापाकडून हे रूप मिळालेला नर पुढे नर देतो व आईकडून मिळालेला नर माद्या देतो. याचा सरळ अर्थ असा की जनुक लिंग-गुणसूत्रांवर आहे आणि नराकडे दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे आहेत. परंतु आनुवंशिकीतज्ञ सुसुमू ओनो यांच्या १९६० च्या दशकातील मांडणीपासून सर्व सापांत पक्ष्यांप्रमाणे मादीकडेच भिन्न गुणसूत्रे (झेड-डब्ल्यू) असतात असे धरून चालले होते. २०११ मध्ये नराविना जन्मलेल्या बोआच्या सर्व-मादी पिलांचे वर्णन ‘डब्ल्यू-डब्ल्यू’ असे करण्यात आले, तेही याच गृहीतकावर. २०१७ मध्ये टोनी गॅम्बल व सहकाऱ्यांनी बोआ व अजगर यांत एक्स-वाय पद्धत, म्हणजे नराकडे भिन्न गुणसूत्रे, असल्याचे दाखवले. त्यानुसार ती पिले साधी ‘एक्स-एक्स’ माद्या ठरतात. पाळकांच्या वह्यांतली नोंद आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष असे एकमेकांना येऊन मिळण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. नराविना अंडी घालण्याची शक्यता अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथनमुळेही चर्चेत आली. १९६१ पासून तेथे असलेल्या या मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, तेव्हा तिचे वय किमान ६२ वर्षे मानले गेले. आधी साठवलेल्या शुक्रजंतूंची शक्यताही अशा वेळी तपासावी लागते, कारण मादी साप ते दीर्घकाळ साठवू शकतात.

सर्वच मॉर्फ निरुपद्रवी नसतात. ‘स्पायडर’ या रूपातील बॉल पायथनांचे डोके डुलते, काही उलटेपालटे होतात आणि भक्ष्यावरचा नेम चुकतो. अंतर्कर्णातील समतोल राखणाऱ्या भागांची रचनाच बिघडलेली असल्याचे २०२२ मधील अभ्यासात आढळले. दोष जनुकाबरोबरच येतो, निवड करून तो दूर करता येत नाही. म्हणून या रूपाची पैदास थांबवावी हे मत आता बळावले आहे आणि ते योग्यच आहे.

रोग : ऑफिओनिसस नॅट्रिसिस हा रक्तशोषक माइट (कोळ्यांच्या वर्गातील सूक्ष्म परजीवी) नव्या सापाबरोबर घरात येतो, त्यामुळे प्रत्येक नवा साप काही आठवडे वेगळा ठेवतात. बोआ व अजगरांतील अंतर्वेश-पिंड रोगाचा (इन्क्लूजन बॉडी डिसीज) संबंध २०१२ पासून अरिना विषाणूंशी जोडला जातो. त्यावर उपचार नाही. साप निरोगी दिसत असूनही साल्मोनेला हे रोगकारक जीवाणू बाळगू शकतो, त्यामुळे हाताळल्यावर हात धुणे आवश्यक असते.

व्यापार व निर्बंध : १९७५ मध्ये अंमलात आलेल्या साइट्‌स या वन्य जातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत अजगर व बोआ कुळे समाविष्ट असून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यावर चालतो. पाळीव साप सोडून देण्याचे परिणाम फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्‌स या दलदलीच्या प्रदेशात दिसले. तेथे ब्रह्मदेशी अजगर रानात रुजून सस्तन प्राण्यांची संख्या घटली आणि २०१२ मध्ये अमेरिकेने या जातीच्या आयातीवर बंदी घातली.